कपाळापाशी अडलेला फोटो

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. टेलिफोनची वायर आणि संगणक यांच्या मध्ये बसून दोघांचं बोलणं घडवून आणायचं, हे माझं काम. ते मी शिट्ट्या मारत, किंचाळत करायचो, पण चोख करायचो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. श्रीगोंद्यात लग्नपत्रिका छापणाऱ्या नितीनने मला पुण्याहून आणलं, तेव्हा गल्लीतली माणसं माझे लुकलुकणारे दिवे बघायला येत. मला त्याचा गर्व होता आणि तो फुकाचा नव्हता.

खंडेनवमीला नितीनच्या आईने, मनकर्णाबाईंनी, विळी-कोयत्यांबरोबर माझीही पूजा केली. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, चार थेंब पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी दाराला दसऱ्याचं तोरण चढलं. आणि तेव्हापासून माझी चाल मंदावली.

त्याच आठवड्यात नितीनची बहीण सायली मस्कतहून फोटो पाठवणार होती. तिला पहिली मुलगी झाली होती. बाळंतपणाला माहेरी येता आलं नव्हतं, त्यामुळे मनकर्णाबाईंचा सारा जीव त्या फोटोत अडकला होता. त्या काळी फोटो पडद्यावर वरून खाली हळूहळू उतरायचा. जावळ आलं, कपाळ आलं आणि लाइन तुटली. पुन्हा लावली, पुन्हा कपाळापाशीच तुटली.

"आरं, नाक कुनावर गेलंय तेच कळंना," मनकर्णाबाई म्हणाल्या.

नितीन वैतागला. "तू पानी शिंपडलंस, तवाच ह्यो बिघडला. उद्या भंगारात देतो."

मनकर्णाबाई पदराने माझ्यावरची हळद पुसू लागल्या. मला फार वाईट वाटलं. मी ठणठणीत होतो, पण सांगणार कसा?

नितीनची बायको ज्ञानेश्वरी मात्र घाईने कुणाला दोष देणाऱ्यांतली नव्हती. तिने फोन कानाला लावला. नुसती खरखर. मग तिने फोन दाराबाहेरच्या ओट्यावर नेला आणि खांबावरची वायर घरात शिरते तिथेच जोडला. आवाज स्वच्छ.

"भाईरची लाइन चांगली हाय," ती म्हणाली. "खोट घरातल्या वायरीत हाय."

वायरीवरून बोट फिरवत ती दाराच्या चौकटीपर्यंत आली आणि थांबली. तोरणाचा खिळा वायरीत रुतला होता. त्या खरखरीत मला एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारून घ्यावी लागत होती, मग वेग कुठून येणार?

"खिळा म्याच ठोकला गं," मनकर्णाबाईंचा चेहरा उतरला.

"आत्याबाई, तोरन चौकटीलाच बांदत्यात. वायर तिथनं ह्यांनी नेली."

नितीन नवी वायर आणायला गेला. ती खिडकीतून आत घेतली आणि मी कामाला लागलो. जावळ, कपाळ, मिटलेले डोळे, नाक, इवलीशी जिवणी. मनकर्णाबाईंनी पडद्यावरून हात ओवाळून कानशिलाशी कडाकडा बोटं मोडली. नाक कुणावर गेलंय हे त्यांनी सांगितलंच नाही, कारण डोळ्यांतल्या पाण्याने त्यांना धड दिसत नव्हतं.

पुढे माझ्याहून वेगवान यंत्रं आली आणि मी कपाटात गेलो. त्याची तक्रार नाही. पण मित्रांनो, कुणाची चाल मंदावली, तर त्याला लगेच मोडीत काढू नका. त्याच्यापर्यंत येणारी वाट आधी तपासा. कदाचित तिथे तुमचाच खिळा असेल.