काकांना ऐकायचं होतं ते वाक्य

काका दुकानात शिरले तेव्हा तिने त्यांना आधी ओळखलंच नाही. तिच्या वडिलांच्या दफनविधीनंतर सतरा वर्षांत माणूस अर्धा झाला होता. ओळखलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू कानाची मशीनं लावतेस असं कळलं," काका खुर्चीत टेकत म्हणाले. "तसं ऐकू येतं गं. पण चर्चमध्ये पाळकसाहेब शेवटी पापक्षमा जाहीर करतात ना, तेवढंच येत नाही. वर्ष झालं, नुसतं घुमतंय. ते एक वाक्य ऐकू आलं म्हणजे मी सुटलो."

सुटायची घाई का, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कारखान्यातल्या क्रेनवरून वजन निसटलं, खालचा कामगार जागच्या जागी गेला, तेव्हा क्रेनवर काका होते. चौकशीत मात्र त्यांनी बेधडक सख्ख्या भावाचं नाव घेतलं. "धाकटा आहे, जाऊ दे," असं तिचे वडील आईला हळूच सांगत होते, ते हिने दाराआडून ऐकलं होतं. काका करून सवरून नामानिराळे राहिले, आणि वडील पुढची अकरा वर्षं खाली मान घालून जगले. मेले तेही खुनी म्हणूनच.

आता हेच गृहस्थ आयते तिच्या हातात सापडले होते!

तिने मशीन वायरने कॉम्प्युटरला जोडलं. छोट्या खोलीसाठी त्यात एक सेटिंग होतं, मोठ्या सभागृहासाठी दुसरं. जागा बदलली की मशीन आपोआप बदलायचं. पहिलं तिने झकास लावलं. दुसऱ्यातले बारीक आवाज एकेक करून पार खाली ओढले, म्हणजे चर्चमध्ये शब्दांचा नुसता चिखल व्हावा.

"वा! घड्याळाची टिकटिकसुद्धा येतेय," काका हरखले. "देव तुझं भलं करो."

"बघू," ती म्हणाली.

रविवारी ती मुद्दाम चर्चमध्ये गेली. देवाशी तिचं बोलणं कधीचंच बंद होतं. ती काकांचा चेहरा बघायला गेली होती. शेजारीच बसली. पापकबुली सगळ्यांनी एका सुरात म्हटली, काकांनी सगळ्यात मोठ्याने. पाठ असलेली कबुली द्यायला काय जातंय! मग पाळक उभे राहिले, हात उंचावला, बोलले. काकांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, कानामागे तळवा धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला इतकं बरं वाटलं की आपलीच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

"काय म्हणाले गं?" काकांनी तिच्या मनगटाला धरलं.

ती त्यांच्या कानाशी वाकली. इतक्या जवळून मशीन कसंही लावलेलं असो, लाकडाच्या कानालाही ऐकू गेलं असतं.

"म्हणाले, आपलं पाप ज्याने भावाच्या माथी मारलं, त्याला क्षमा नाही."

काका तिच्याकडे बघत राहिले. हे पाळकांचं वाक्य नव्हे, हे त्यांना कळलं असणारच. तरी ते समोरच्या बाकाला धरून उठले. बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही. सगळं चर्च दणाणलं.

"क्रेनवर मी होतो! माझा भाऊ नव्हता. मी खोटं बोललो!"

गाणाऱ्यांनी पुस्तकं मिटली. वडिलांना आयुष्यभर टाळणारी म्हातारी माणसं वळून आता तिच्याकडे बघू लागली. इतकं तर तिने मागितलंही नव्हतं, आणि ते दिलं होतं या माणसाने! याचाही तिला राग आला.

पाळक खाली उतरले, काकांच्या डोक्यावर हात ठेवून, सगळ्या चर्चकडे बघत तेच वाक्य पुन्हा बोलले. काकांना पुन्हा काहीच कळलं नाही. ते तिच्याकडे वळले. पाळकही तिच्याकडे बघू लागले.

आता खोटं बोलायला तिची जीभ वळेना.

"तुमच्या पापांची क्षमा झाली आहे, म्हणतात," तिने कानात सांगितलं. मग दात आवळून म्हणाली, "हे देव म्हणतो. मी नाही म्हणत."

काकांनी मान हलवली. दोन्ही वाक्यं त्यांना स्वच्छ ऐकू आली होती.