दोन थापा

बटाटे निघत होते आणि आभाळ भरत होतं. थोरला सरीत बसला होता, डावा पाय काठीसारखा लांब करून. तो गुडघा वाकत नाही त्याचा, तरणाताठा होता तेव्हापासून. हातानं चिकट माती उकरायची, बटाटा चाचपायचा, झटकून टोपलीत टाकायचा. वय पंचाहत्तरीच्या पुढं. "अहो, पुरे आता, उठा" असं म्हणायला घरात कोणी लागतं ना, ते राहिलं नव्हतं. बायको वारली, मुली आपापल्या संसारात. म्हणून म्हातारा आपला मातीशीच बोलत बसायचा.

तेवढ्यात बांधापलीकडून, धाकट्याच्या अंगणातून आवाज चढला.

"आई, हात दाखव. दाखव म्हणतो ना!"

"काही झालेलं नाहीये. बादली लागली."

"बादलीला पाच बोटं असतात का गं?"

थोरल्याच्या हातातला बटाटा हातातच राहिला.

धाकटा म्हणजे पैलवान. ऑलिंपिकला गेलेला. आसपासच्या चाळीस गावांत असा दुसरा माणूस झाला नाही, पुढंही होईल असं दिसत नाही. पण गावात त्याला पैलवान म्हणणारे थोडे. बाकीचे म्हणायचे निसट्या. का, ते पुढं येईलच.

आता दोन वर्षांपासून पैलवानाचं डोकं कामातून गेलं होतं. इतक्या वर्षांच्या आपटाआपटीनं आतून इजा झालीय, असं डॉक्टर म्हणाला. माणसं ओळखू येत नव्हती, चार महिने तोंडातून शब्द नव्हता. अंगाची नुसती हाडं उरली, पण पंजा जसाच्या तसा. हाताला जे लागेल ते धरायचा आणि सोडायचाच नाही. खाटेची दांडी, दुधाचं भांडं, बायकोचं मनगट. तिची दोन्ही मनगटं काळीनिळी. बाह्या ओढून फिरायची बिचारी, भर उन्हातसुद्धा.

"आज नेतोच त्यांना," पैलवानाचा मुलगा म्हणत होता. दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर होता तो, गाडी दारातच उभी केलेली. "शहरात अशा माणसांना सांभाळणारी जागा आहे. बघून आलोय मी."

"बघून आलास ना? मग बांधून ठेवतात ते पण बघितलं असशील."

"मग काय करू? उद्या तुझं हाड मोडेल! काकांना विचार हवं तर!"

काका! काकांनी मान खाली घातली आणि बटाटा उगाच पुसत बसले. कारण उपाय काकांना ठाऊक होता. आज नाही, दोन महिन्यांपासून. तिची मनगटं पहिल्यांदा दिसली तेव्हाच डोक्यात वीज चमकली होती. पण बोलायचं म्हणजे बेचाळीस वर्षांची झाकलेली मूठ उघडायची. उपाय चालला नाही तरी मेलो, चालला तर त्याहून मेलो, असं झालं होतं त्याचं. सांगतो, ऐका.

पैलवान वाढला गोठ्यात. गोठ्याच्या मागच्या अंगाला दोघा भावांनी माती खणून, चाळून, मऊ करून आखाडा केला होता. गावात त्याच्या वजनाचा दुसरा गडी नाही. मग लढायला कोण? थोरला. आणि थोरल्याचा हा गुडघा, बैलगाडीचं चाक वरून गेलेला. पेचात गुडघा सापडला की जीव जायचा. ओरडायला तोंड मातीत. मग तो जमिनीवर तळहात आपटायचा, थाप, थाप. दोन थापा पडल्या की धाकट्याचे हात फटकन उघडायचे, आणि पहिला शब्द ठरलेला. "लागलं का दादा?" गुडघा चोळून द्यायचा. थोरला म्हणायचा, "नाही रे. चल, परत धर." आठ वर्षं, रोज पहाटे, हेच.

वस्ताद एकदा बघायला आला. तो म्हणाला, "अरे, वाईट सवय लावतोयस त्याला. जमिनीवर हात आपटला की सोडतोय तो. बाहेर कोणी सोडत नसतं."

थोरला हसला होता. "वस्ताद, बाहेर माझा गुडघा कुठं येणार आहे?"

हसला! ते हसणं त्याला अजून झोपू देत नाही.

परदेशातली ती ऑलिंपिकची तिसऱ्या नंबरची कुस्ती गावानं रेडिओवर ऐकली. एका गुणानं पुढं, एका गुणानं पुढं, असं चाललेलं आणि एकदम बातमी आली, हरला. परत आल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं, काय झालं? पैलवान म्हणाला, "हात निसटला." झालं. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? दुकानात साबण घ्यायला गेलं की दुकानदार म्हणायचा, "जपून धरा हो, पैलवानाच्या हातातला आहे." एकदा थोरलाही तिथं होता. सगळे हसले, तोही हसला. पैलवान मागंच उभा होता, खांद्यावर पोतं घेऊन. गोदामात हमाली करायचा तेव्हा. तसाच पोतं घेऊन पुढं गेला.

पुढं शाळेच्या मास्तरांनी त्या कुस्तीची फिल्म कुठून तरी मिळवली. भर दुपारी वर्गाच्या खिडक्यांना पोती लावली, भिंतीवर चादर टांगली. पैलवान आला नाही, थोरला गेला. फिल्म मुकी होती. शेवटची काही सेकंदं उरलेली. पैलवानानं समोरच्याचा पाय असा आवळलेला की नुसतं धरून राहायचं होतं. तो परदेशी गडी तडफडला, आधार शोधत त्यानं तळहात खाली आपटला. एकदा. पुन्हा एकदा. आणि पैलवानाचे हात उघडले. त्याचे ओठ हलले. पुढच्या क्षणी तो गडी सुळकन वळून त्याच्या पाठीवर होता. हातातोंडाशी आलेला घास गेला.

"ओठ हलले बघा! काय म्हणाला असेल?" मास्तरांनी विचारलं.

"शिवी हासडली असेल," कोणीतरी म्हणालं, आणि वर्ग हसला.

थोरल्याला कळलं होतं काय म्हणाला ते. तो उठून बाहेर आला आणि भिंतीला धरून ओकला. त्या दिवसापासून दोघं भाऊ रोज भेटले, एका बांधावर बसून भाकरी खाल्ली, आणि तो विषय कोणीच काढला नाही. धाकट्यानं काढला नाही कारण थोरल्याला लागलं असतं. थोरल्यानं का काढला नाही? भ्याला. दुसरं काय.

"आई गं!"

किंकाळी पैलवानाच्या घरातून आली. थोरला उठला. कसा उठला, त्याला कळलं नाही. टोपली कलंडली, बटाटे सरीत पांगले, आणि वरून थेंब सुरू झाले. पाय ओढत त्यानं बांध ओलांडला.

आत मुलानं बापाला खाटेवरून उचलायला घेतलं होतं आणि बापानं आईचं मनगट पकडलं होतं. ती ओणवी झाली होती, ओठ पांढरे पडलेले. मुलगा एकेक बोट उपटून काढायला बघत होता.

"मोडतील रे त्यांची बोटं!" मनगट तिचं पिचत होतं, आणि काळजी त्याच्या बोटांची. आता काय म्हणावं या बायकांना!

"बाजूला हो," थोरला मुलाला म्हणाला.

"काका, तुम्ही नका मध्ये..."

"हो म्हणतो ना बाजूला!"

तो खाटेजवळ खाली बसला, डावा पाय लांब करून. मातीनं माखलेला तळहात त्यानं वर उचलला.

थाप. थाप.

पैलवानाचे हात फटकन उघडले.

बायको मनगट छातीशी धरून मागं सरली. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"हे काय केलंत भावजी?" तिनं विचारलं.

मग थोरल्यानं सांगितलं. गोठा, गुडघा, वस्ताद, फिल्म, सगळं. मान वर न करता सांगितलं. शेवटी म्हणाला, "निसटला नव्हता हात त्याचा. त्यानं सोडला. माझ्यापायी."

"यांना ठाऊक होतं?"

"त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

तिनं तोंडाला पदर लावला. "आणि मी... रागावले की मीसुद्धा म्हणायची हो यांना. एक पाय नीट धरता आला नाही, संसार काय धरणार, म्हणायची. ऐकून घ्यायचे." आणि मग ती जी रडायला लागली, ती थांबेना. मुलगा बाहेर गेला. गाडीत ठेवलेलं बापाचं गाठोडं घेऊन परत आला आणि गुपचूप कोपऱ्यात ठेवलं.

खाटेवर हालचाल झाली. पैलवान कुशीवर वळला होता, खाली बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघत होता. ओळख होती का त्या नजरेत, देव जाणे. पण ओठ हलले, आणि चार महिन्यांनी आवाज आला, खरखरीत.

"लागलं का दादा?"

थोरल्याच्या जिभेवर जुनं उत्तर आलं होतं. नाही रे, चल, परत धर. आठ वर्षं दिलेलं. ते त्यानं गिळलं.

"लागलं रे," तो म्हणाला. "फार लागलं."

पैलवानानं हात खाली सोडला, चाचपडला, आणि गुडघा चोळायला लागला. डावाच.