व्यसन सोडवायच्या गोळ्या

आमच्या पाच घरांत अफू ओढणारा एकच, लो काका, आणि तोही नववर्षाआधी मेला. त्याची नळी काकूने त्याच्या शवपेटीत ठेवली. तिकडे गेल्यावर नवऱ्याला कशाची उणीव पडू नये, एवढंच. आमच्याकडे सगळेच तसं करतात.

वसंतात बादशहाचा हुकूम आला. पाच-पाच घरांनी एकमेकांना जामीन राहायचं आणि नळ्या कचेरीत जमा करायच्या. एकाने लपवली तर पाचांनाही फटके. कचेरीच्या वहीत आमच्या नावावर एक नळी होती. ती आणायची तर कबर उकरायला हवी, आणि कबर उकरणाऱ्याची मान जाते.

मी बांबूकाम करणारा. काकू म्हणाली, "तूच बनव की एक. बांबूच तर आहे." मी बनवली. आतून काजळी आणि करपलेली काकवी फासली. माझी हुशारी तेव्हा मलाच फार आवडली होती.

कारकुनाने नळी हातात फिरवली. "कोणाची?"

"लो काकाची, साहेब. तो वारला."

"मेलेला माणूस कधी नळी जमा करतो का? जिवंत नाव सांग."

माझ्या मागे धाकटा भाऊ तिम उभा होता. "माझं लिहा," तो म्हणाला. मग माझ्या कानाशी लागला, "तुला तीन पोरं आहेत, दादा. मला कोण विचारतंय?" त्याने आयुष्यात तंबाखूसुद्धा ओढली नव्हती. चुलीच्या धुरानेही त्याला ठसका लागायचा.

व्यसन सोडवायला सरकारी गोळ्या होत्या. रोज सकाळी कारकुनासमोर गिळायच्या आणि जीभ उचलून दाखवायची. गोळीत काय असतं ते गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं: औषधी मुळ्या आणि जप्त नळ्यांतून खरवडलेली अफूची राख. ओढणाऱ्याला ती हळूहळू कमी करत नेतात. ज्याने कधी ओढलीच नाही त्याला ती काय करते, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. पहिल्या दिवशी तिम ओकला. विसाव्या दिवशी तो कारकुनाच्याही आधी कचेरीत जाऊन बसला.

उन्हाळ्यात हूमेनच्या समुद्रकाठी परदेशी अफूच्या हजारो पेट्या सरकारने फोडल्या आणि आतली अफू मीठ-चुन्याच्या खड्ड्यांत विरघळवली. सगळं गाव बघायला लोटलं. लोक नाकाला फडकी लावत होते. तिम मात्र वास ज्या बाजूला येत होता तिकडेच जाऊन उभा राहिला. त्याच आठवड्यात त्याच्या गोळ्या बंद झाल्या. वहीत नावापुढे 'बरा झाला' असा शेरा पडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर संन्याशाला आधी मेहनतीने चोर बनवला.

मग तो घरात जांभया देत, नाक पुसत, पोट धरून पडून राहू लागला. एक दिवस अचानक उठला, हसला, पोटभर जेवला. खाडीतल्या एका होडीवाल्याकडून तो पुडी घेताना काकूने पाहिला होता.

ती बाकीच्या घरांना घेऊन माझ्या दारात आली. "तू सांग, नाहीतर आम्ही सांगतो. आम्ही सांगितलं तर लपवल्याबद्दल तूही जाशील."

"काकू, तुझ्या नवऱ्याच्या नळीपायी झालंय हे सगळं."

"नळी बनवली कोणी?" ती म्हणाली.

बरा झालेला पुन्हा सापडला तर गळफास, असा नियम. मला तो पक्का ठाऊक होता. तरी मी कचेरीत गेलो. पोरांसाठी गेलो असं मी बायकोला सांगितलं. खरं म्हणजे मी भ्यालो होतो.

शिपाई आले तेव्हा तिम भात खात होता. त्याने वाडगा शांतपणे खाली ठेवला.

"मी कधी ओढणारा नव्हतोच," तो त्यांना म्हणाला. "दादाला विचारा. दादा, सांग की यांना."

शिपाई माझ्याकडे बघत राहिले. दारात चारही घरं उभी होती. मी मान खाली घातली.