मालकांच्या दारात ढोल

शपथ घेतली तेव्हा नेरेइदा रागात होती. एवढंच खरं. बाकीचं गर्दीने वाढवलं.

गावाचा बेसबॉल संघ, खेकडे, पुन्हा हरत होता. आठव्या डावात चेंडू फेकायला पिचर म्हणून उभा केलेला पोरगा मुळात चेंडू झेलणारा कॅचर होता, कारण मालक अनीबाल बेटान्सेस यांना आणखी एक पिचर परवडत नव्हता. ज्यांचा रमचा कारखाना आहे, त्यांना. नेरेइदा स्टँडमधल्या वाजंत्र्यांची म्होरकी. तिने गळ्यातला ढोल थांबवला, बाकावर चढली आणि आल्ताग्रासिया मातेची शपथ घेऊन सगळ्यांना ऐकवलं, की या चिकट माणसाने कधी खरा पिचर आणलाच, तर मी त्याच्या दारात जाऊन आभाराचा ढोल वाजवीन.

लोक हसले. तीही हसली.

मंगळवारी सकाळी रेडिओ म्हणाला: आणला.

खरा. डावखुरा. महागडा.

नेरेइदा आपल्या तळणीच्या गाड्यावर होती. तिच्या हातातून केळ्याचे काप तेलात पडले. आनंदाने ती गाड्याभोवती एक गिरकी घेऊन आली आणि दुसऱ्या गिरकीच्या मध्येच

थांबली.

शब्द मोडावा तर माता रागावणार, आणि तिचा राग त्या डावखुऱ्या खांद्यावर निघणार. पाळावा तर जन्मभर ज्याला शिव्या घातल्या, त्याच्याच पुढे मान वाकवायची. तिच्या वाजंत्र्यांत पत्र्याची खवणी घासून ठेका देणारा क्रिस्तिनो दात विचकत आला आणि विचारू लागला, की मालकांकडे जाताना बूट घालायचे का.

"तू तोंडाला कुलूप घाल," नेरेइदा म्हणाली.

मालकांच्या फाटकापर्यंत अर्धं गाव मागे आलं. तिने टिपरू उचललं आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की मालकांवर तिच्या वाजंत्र्यांना एकच गाणं येतं, तेही टिंगलीचं. तोवर हात पडला होता. ठेका ओळखीचा होता. अर्ध्या गावाने गळा काढला:

मालकांच्या मुठीत नाणं झोपलंय,
बापड्याने ऊन नाही पाहिलंय!

नेरेइदाला वाटलं, जमिनीने गिळावं. गच्चीवर बनियनमधले मालक आले. कॉफीचा कप कठड्यावर ठेवला. आणि गाऊ लागले. सगळी कडवी. एक शब्द चुकला नाही.

गाणं संपल्यावर ते खाली वाकले. "दुसऱ्या कडव्यात तुम्ही घाई करता. नेहमीच."

म्हणजे हा माणूस इतकी वर्षं ऐकत होता. वाटेत तिने आभाराचं एक रुबाबदार वाक्य जुळवलं होतं, ते गेलं कुठेतरी.

"मालक, उपकार झाले," ती म्हणाली. "मनापासून सांगते. सकाळी मी नाचले."

कोणी हसलं नाही. क्रिस्तिनोसुद्धा नाही.

मालकही हेलावले. डोळे पुसल्यासारखं केलं, मग घरच्या माणसांशी बोलावं तसं मोकळेपणाने सांगून टाकलं, की पिचर स्वस्तात येत नाही बाई, तेव्हा शुक्रवारपासून तिकीट दुप्पट.

नेरेइदाच्या छातीवरचा दगड उतरला. मान आपोआप ताठ झाली. तिने ढोल पोटाशी ओढला, ठेका धरला आणि तिथल्या तिथे जुळवलं:

एका हाताने पिचर दिला,
दुसऱ्याने आमचा खिसा नेला!

गावाने ते लगेच उचललं. वर मालकांचे ओठ नुसतेच हलत होते. हे कडवं त्यांना येत नव्हतं.