यॉर्दांकाने मला घातलेला पिवळा कोट

मी एक जुनी भिंत आहे. पेर्निक या कोळशाच्या खाणींच्या शहरातल्या आठ मजली इमारतीत, पाचव्या मजल्यावर, उत्तरेकडे तोंड करून उभी आहे. मित्रांनो, मला कुरूप म्हणणारे पुष्कळ आहेत. म्हणू देत. मी मान खाली घालणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यात सळया घालून वर काँक्रीट ओतलं आणि ट्रकवर आडवी टाकून मला इथे आणलं. मला क्रेनने वर उचललं ते क्रेन चालवणाऱ्या यॉर्दांकाने. तेव्हा ती तरुण होती. पुढे तिला याच इमारतीत घर मिळालं आणि नवरा मेतोदीबरोबर ती माझ्याच आड राहायला आली. पाहुणे आले की माझ्यावर थाप मारून सांगायची, "ही मी बसवलीय!"

पण मी पडले उघडीबोडकी. वीतोशा डोंगराकडून वारा आला की मी गारठून जायची. आत शेगडी दिवसभर पेटलेली असायची आणि तिची सगळी ऊब माझ्यातून निसटून बाहेर जायची. मला आतून ओल धरली, कोपऱ्यात काळी बुरशी चढली. मेतोदीचा जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला, छाती आधीच अधू. त्याचा खोकला थांबेना. डॉक्टर म्हणाले, "कोरड्या घरात राहा." दुसरं घर आणायचं कुठून?

यॉर्दांकाने इमारतीची सभा बोलावली. सगळ्या भिंतींना बाहेरून थर्माकोलच्या जाड पाट्या लावू, असं तिचं म्हणणं. इमारतीचा प्रमुख होता तिसऱ्या मजल्यावरचा स्तामेन.

"सरकार करून देणार आहे. जरा दम धर."

"माझ्या माणसाला दम लागलाय, स्तामेन. मी माझ्यापुरतं करते."

"म्हणजे इमारतीला ठिगळ? सगळी एकसारखी दिसायला हवी!"

"सगळी एकसारखी गारठलीय, तेवढं पुरे नाही का?"

यॉर्दांकाची भाची इलियाना गिर्यारोहक. ती दोर घेऊन आली आणि गच्चीवरून खाली उतरली. तिच्या शेजारी, पट्ट्यांनी स्वतःला करकचून बांधून, साठी उलटलेली यॉर्दांकाही उतरली! मेतोदी खिडकीतून ओरडला, "अगं, मला बरं करायला निघालीस आणि माझा जीवच घेशील!"

"तू खिडकी लाव, वारा लागेल," ती म्हणाली.

खाली बाकावरचे म्हातारे पत्ते टाकून वर बघत होते. स्तामेन धावत आला. "या वयात दोरीला लटकतेस? लोक काय म्हणतील?"

"तू राहतोस ते घर मीच वर उचललंय, बाबा! तेव्हा नाही कुणी काही म्हणालं!"

आधी त्यांनी माझ्या भेगा आणि सांधे भरले. मग पाट्या चिकटवल्या, खुंट्या ठोकल्या, जाळी ताणून गिलावा केला आणि वर पिवळा रंग दिला. करड्या इमारतीवर मी एकटी पिवळी! स्तामेनने पुन्हा सभा घेतली. हे काढून टाकावं, असा ठराव हात वर करून मंजूर झाला. "ठीक," यॉर्दांका म्हणाली, "ज्याने हात वर केला त्याने दोरीला लटकावं." कुणीही पुढे आलं नाही.

मग बर्फ पडलं. मी बाहेरून थंडी अडवली आणि आतली ऊब धरून ठेवली. आतली बुरशी यॉर्दांकाने खरवडून काढली होती. ती रोज थोडा वेळ खिडकी उघडून ओलसर हवा बाहेर घालवायची, त्यामुळे बुरशी परत आली नाही. अर्ध्या लाकडांत शेगडीचं भागलं. मेतोदीचा खोकला गेला नाही, पण तो आता रात्रभर झोपतो. त्या थंडीत स्तामेनची बायको विणकाम घेऊन दुपारभर यॉर्दांकाकडे बसायला लागली. स्तामेन तिला बोलवायला यायचा आणि वाल घातलेलं गरम सूप पिऊन जायचा.

वसंतात तो दारात घुटमळला. "इलियाना मोकळी आहे का गं? फक्त... पिवळा नको."

आता तिसरा मजला निळा आहे, सातवा हिरवा. रस्त्यावरून जाणारे हसतात. हसू देत, आत माणसं निवांत झोपलेली आहेत.

मित्रांनो, आम्हा भिंतींवर चित्रं टांगता, रंग देता, पण आम्हाला थंडी वाजते का हे कुणी बघत नाही. आज तुमच्या घरातल्या भिंतीला तळहात लावून बघा. गार लागली तर तिला नावं ठेवू नका. आणि शेजारी काय म्हणतील म्हणून तिला उघडी ठेवू नका.