मागच्या सीटचं चामडं

गिरगावातल्या वाडीत स्वतःची गाडी असणं म्हणजे काय थट्टा होती का? डॉक्टर रघुवीरांची गाडी दारात लागली की अख्खी वाडी गॅलरीत यायची. गाडी जुनी होती, पण सीटा नव्याकोऱ्या, अस्सल तपकिरी चामड्याच्या. चिंचपोकळीच्या बाबुराव शेटच्या कारखान्यात मुद्दाम शिवून घेतलेल्या. आणि सहा महिने होतात न होतात तोच मागच्या सीटचं चामडं तडकलं, त्याचे पोपडे निघायला लागले. त्याबरोबर डॉक्टरांचं डोकंही तडकलं.

रविवारी सकाळी त्यांनी शेटना बोलावून घेतलं. शेट महा बिलंदर माणूस. ज्यानं सीट शिवली त्या गुणाजीला पुढे घालूनच आले.

"बघा हो शेट, ही काय दशा झाली?" डॉक्टरांनी गाडीचं दार उघडून दाखवलं.

"डॉक्टर, चामडं मी एक नंबर दिलं होतं. यानंच माती खाल्ली असणार," शेट म्हणाले. "तुम्ही फक्त म्हणा, काम वाईट आहे. उद्यापासून हा माझ्या दारात दिसला तर नाव बदलेन."

"काय पण शेट!" गुणाजी उसळला. "पुढची सीट पण मीच शिवली ना? तेच चामडं, तोच दोरा. तिला का काय झालं नाही?"

"ते तू मला विचारतोस?"

वर दारात चहाचा ट्रे घेऊन डॉक्टरांची बायको ललिता उभी होती. मेली ती सीट कशानं तडकली, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

ते साल सत्तावन. संयुक्त महाराष्ट्रासाठी डॉक्टरांनी निवडणुकीत आपली गाडी समितीच्या दिमतीला दिली होती. लालबाग-काळाचौकीचे गिरणी कामगार दाटीवाटीनं मागच्या सीटवर बसायचे, घोषणा देत जायचे. सभेत डॉक्टर टेबलावर मूठ आपटून सांगायचे, इथे जात नाही, पात नाही, आपण सारे मराठी! टाळ्या कशा पडायच्या म्हणता! निवडणूक सरली तरी गाडीत माणसांची ये-जा चालूच राहिली. चैत्रात गुणाजीची बायको रखमा बाळंतपणात अडली, तेव्हा डॉक्टर स्वतः काळाचौकीला गेले आणि तिला मागच्या सीटवर आडवी करून परळच्या इस्पितळात पोचवलं. गुणाजीनं आदल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. कामाशी काम ठेवणारा, पण रखमाला पोचवलं त्या दिवसापासून डॉक्टरांचं नाव काढलं की तो हात जोडायचा.

आणि इकडे घरात सासूबाईंचं, कमळाबाईंचं, वेगळंच संयुक्त राज्य. "मुंबई मिळायची तेव्हा मिळेल, पण त्या सीटवर बसून मला देवळात जायचंय," त्या म्हणायच्या. डॉक्टर दुपारी जेवून आडवे झाले की ललिता बादली घेऊन खाली. कढत पाणी, त्यात मूठभर धुण्याचा सोडा, नि नारळाच्या काथ्यानं खसाखसा घासायचं. वर गोमूत्राचा शिपका. कोण बसलं होतं त्याचा हिशेब सासूबाई गॅलरीतून ठेवायच्या. ललिता वाद घालत नसे. घरात कटकट नको, एवढंच तिचं धोरण. चामड्याला काही होईल हे तिच्या डोक्यातच आलं नाही, आणि पोपडे दिसले तेव्हा अळीमिळी गुपचिळी.

पण आता चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. संन्याशाच्या घरी चार महिन्यांचं तान्हं होतं.

ललिता ट्रे तिथेच टेकवून खाली उतरली.

"अहो, यांचा दोष नाही. सीट मी धुवायचे. सोड्याच्या पाण्यानं."

"सोड्यानं? चामडं?" शेटनी कपाळावर हात मारला. "वहिनी, अहो धुवायला ते काय धोतर आहे? आणि धुवायचं कशासाठी?"

डॉक्टरांना मात्र विचारावं लागलं नाही. त्यांचा चेहरा खाडकन उतरला. ते गाडीचं दार उगाच लावायला लागले, ते नीट लागेना. गुणाजीला समजायला एक क्षण लागला. मग समजलं.

"मग बाबा तुझा दोष नाही," शेट खाकरून म्हणाले. "उद्या ये कामावर."

गुणाजीचं तिकडे लक्षच नव्हतं. "वहिनी, रखमाला नेलं त्या दिवशी पण धुतली?"

ललितानं डॉक्टरांकडे पाहिलं.

"अरे, आईचा हुकूम म्हटल्यावर ती बिचारी काय करणार?" डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. "जुन्या वळणाचं माणूस. हो ना गं?"

आणि ललितानं मान हलवली. हो म्हणून! वाट दिसली की माणूस आधी सुटायला बघतं.

"काय म्हणालास रे रघू?" गॅलरीतून कमळाबाई कडाडल्या. "मी सांगितलं ते सांगितलं, मी नाही म्हणत नाही. पण चैत्रभर मी नाशकाला भावाकडे होते. तेव्हा कुणी धुवायला सांगितलं हिला? उगाच माझ्या नावानं बिल फाडू नका!"

ललिताला वाटलं, धरणीमाय पोटात घेईल तर बरं. सासू नाही, सासूचा धाक नाही, वर गॅलरीत कुणी उभं नाही, आणि तरी त्या दुपारी ती आपण होऊन बादली घेऊन उतरली होती. सोडा एक मूठ जास्तच टाकला होता. गोमूत्राची बाटली देवघरातून तिनं स्वतःच्या हातानं काढली होती.

"बाळंतपणाचं होतं ना," ती कशीबशी पुटपुटली. "डाग पडले असतील, म्हणून..."

गुणाजी ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही.

"वहिनी, तिच्या अंगाखाली आम्ही गोधडी घातली होती. तिच्यावर तिचं लग्नातलं लुगडं, चार पदरी करून. ती कळा देत होती नि मला सांगत होती, नीट घाला हो, तुमच्या हातची सीट आहे, डॉक्टरांची गाडी आहे, डाग नको पडायला." तो वाडीच्या दाराकडे वळला. "थेंब पडला नव्हता."

पडला नव्हताच. सीट घासायच्या आधी ललितानं ती नीट निरखून पाहिली होती.