माशांचं फर्निचर

मिस्त्रींचा उजवा हात गेल्या वर्षापासून थरथरत होता आणि ही गोष्ट जगात आपल्याखेरीज कुणालाही ठाऊक नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. चारचौघांत ते हात खिशात ठेवत. कुणी कामाला बोलावलं की "सध्या अजिबात सवड नाही" असं ऐटीत सांगत आणि घरी येऊन दिवसभर माश्या मारत बसत. चाळीस वर्षं सुतारकामात ज्यांच्या लाकडी सांध्यात कागदसुद्धा शिरत नव्हता, त्यांना "मिस्त्रींचा हात गेला" हे ऐकायचं नव्हतं.

अशात एक दिवस तलाव समितीच्या बाई दारात उभ्या राहिल्या. विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या या बाई आता सगळ्या गावालाच शिकवत असत.

"मिस्त्री, तलावाचा तळ पार बोडका झालाय. लहान माशांना लपायला जागा नाही, मोठे त्यांना गट्टम करतात. लाकडी पट्ट्यांची खोकी करून, दगड बांधून तळाशी सोडायची आहेत. प्रत्येक सुताराकडून वीस. महिन्याभरात."

मिस्त्रींनी सवड नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर आतून बायको म्हणाली, "करतील की!"

झालं. मिस्त्रींनी कारखान्याचं दार आतून लावून घेतलं आणि डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून आठ दिवसांत एकच खोकं केलं. गुण्या लावून प्रत्येक कोपरा काटकोनात आहे का, ते तपासलं. रंधा मारला. वर पॉलिशचे दोन हात दिले.

"अहो, एक आरसापण बसवा," बायको म्हणाली. "मासोळ्यांना भांग पाडायला बरं."

बाईंनी मात्र खोकं पाहून कपाळावर हात मारून घेतला. "हे पाण्यात सोडायचंय की दिवाणखान्यात ठेवायचंय? पॉलिशनं मासे मरतील. गुळगुळीत लाकडावर शेवाळ नीट धरत नाही, मग खातील काय? रंधा नको, गुण्या नको. फटीसुद्धा एक अरुंद, एक रुंद हवी."

"म्हणजे वाकडं करू?" मिस्त्रींचा आवाज चढला.

"जमेल तितकं."

उभ्या आयुष्यात असा अपमान झाला नव्हता. पण बायकोने शब्द देऊन ठेवला होता. मिस्त्रींनी चरफडत करवत उचलली. पहिल्याच पट्टीला हात थरथरला, करवत भरकटली, मिस्त्रींनी जीभ चावली. मग आठवलं की हे चालतं. दुसरी पट्टी तिरकी गेली, तिसरी त्याहून तिरकी. सहाव्या खोक्याला त्यांनी दार उघडलं आणि दहाव्याला चक्क शीळ घातली. वीस खोकी मुदतीच्या आधी तयार झाली.

दोन महिन्यांनी समितीने नावेतून पाण्यात कॅमेरा सोडला आणि ते चित्रण शाळेच्या सभागृहात पडद्यावर लावलं. झाडून सगळे जमले. बाकीच्या सुतारांची खोकी सवयीने सरळच झाली होती. तिथे चार-दोन मासे फिरत होते. मग पडद्यावर एक असं खोकं आलं की कुठली बाजू वरची, हेच कळेना. त्यात इतकी पिल्लं होती की लाकूड दिसत नव्हतं. प्रत्येक फटीतून कुणी ना कुणी डोकावत होतं.

"वा! इतकं वाकडं कुणाला जमलं? हात वर करा बघू!" बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी हात खिशात आणखी खोल घातला. हो म्हटलं की खिशातला हात बाहेर काढावा लागणार. हळूच बायकोकडे वळून ते कुजबुजले, "तू लगेच हो कशी म्हणालीस गं त्या दिवशी?"

"वर्षभर तुमच्या कपबशीचा आवाज ऐकतेय मी," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "वाकडं काम हवंय असं कळलं, तेव्हा मीच बोलावलं बाईंना."

मिस्त्रींचे डोळे भरून आले. मग त्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर केला. तो भर सभेत थरथरत राहिला.

"माझं आहे ते," मिस्त्री म्हणाले.

माना वळल्या.

"पुरे आता," बायको हळूच म्हणाली. "सगळ्यांना टाटा करताय असं वाटतंय."

मिस्त्रींनी हात खाली घेतला नाही.